पाखरं न थांबणारं कुंपण

पाखरानं काय खाल्लं हे त्याला विचारून कळत नाही. त्याच्या मागोमाग जावं लागतं आणि ते शिटेपर्यंत दम धरावा लागतो. मी गेली सतरा वर्षं हेच करते आहे. ग्वानाकास्ते प्रांतात आमच्या गावाला लागून राखीव जंगल आहे, त्याच्या रोपवाटिकेत मी बिया गोळा करण्याच्या कामाला आहे. सुरुवातीला मी चारचौघींसारखी झाडाखाली वाकून बिया वेचायचे. मग ध्यानात आलं, की पाखराच्या पोटातून आलेली बी आयती सोललेली असते आणि रुजतेही लवकर. तेव्हापासून जुन्या मच्छरदाणीचे तुकडे चार काठ्यांना बांधून झाडांखाली ताणते, पडेल ते घरी आणते, बारीक गाळणीत धुते आणि अंड्यांच्या ट्रेमध्ये वाळवते. प्रत्येक खळग्यात एकेका शिटेतल्या बिया. गाव मला 'शिटवाली सीनिया' म्हणतं. पूर्वी राग यायचा. आता कुणी तसं म्हणालं, की मी त्याच्या टोपीकडे नीट बघते आणि म्हणते, "हं, आज अंजीर." माणूस लगेच टोपी काढतो.

माझा मामा सेकुन्दिनो मात्र कुंपणांचा राजा. आमच्याकडे कुंपणाला मेलेले खांब लावत नाहीत. हिन्योक्वाबे नावाच्या झाडाची मनगटाएवढी जाड फांदी कोयत्यानं तोडायची, उतरत्या चंद्रात मातीत रोवायची, आणि पाऊस पडला की तिला पानं फुटतात. दोन वर्षांत तिचं झाड होतं, तांबड्या सालीचं. उन्हानं नाकाची सालटं निघावीत तशी त्याची साल निघत असते. तारा त्यालाच ठोकायच्या. गावात असं एकही शेत नाही जिथे मामाच्या हातचं कुंपण नाही. एकाहत्तर वर्षांचा आहे, तरी कुठल्याही कुंपणाजवळून जाताना एखादा खुंट हलवून बघतो आणि मान डोलावतो, म्हणजे मालकाची नाही, स्वतःची पाठ थोपटतो.

मामाची आणि त्याच्या थोरल्या बहिणीची, तोमासा मावशीची, मिळून एक जमीन आहे. वरचा माळ म्हणतात तिला. ओढ्याकडचा अर्धा भाग मामाचा, कुंपणाकडचा अर्धा मावशीचा. मामा आणि आजोबा दोघांनी मिळून तिथलं जंगल तोडलं, तेव्हा मामा अठरा वर्षांचा होता आणि सगळेच तोडत होते. गुरं आली, हारागुआ गवत आलं, आणि ओढा, जो पूर्वी वर्षभर वाहायचा, तो फेब्रुवारीत आटायला लागला. ही गोष्ट मामाच्या मनात काट्यासारखी राहिली. दहा वर्षांपूर्वी त्यानं गुरं विकली आणि मावशीसमोर हट्ट धरला, की माळ मोकळा सोडायचा, जंगल परत येऊ द्यायचं. मावशी म्हणाली, "दहा वर्षं. तेवढ्यात आलं तर आलं. नाहीतर माझ्या अर्ध्यात गोऱ्हे. नुसतं गवत बघत बसायला मी काय गाय आहे?"

त्या दहा वर्षांत मामानं दर जानेवारीत वणवा अडवायला गवत साफ करून पट्टे काढले, एकट्यानं. ओढ्याकडच्या बाजूला जंगल आलं. माणूस दिसेनासा होईल इतकं आलं. ओढा आता मार्चच्या मध्यापर्यंत टिकतो. पण ज्या झऱ्यातून ओढा निघतो तो झरा मावशीच्या अर्ध्यात, आणि तिथे, कुंपणाला लागून, नुसतं गवत. मी रोपवाटिकेतली दोनशे रोपं तिथे लावून पाहिली होती. उन्हाळा संपला तेव्हा तीन उरली होती आणि त्यातलं एक शेजारच्या गाढवानं खाल्लं.

यंदा फेब्रुवारीत एका सकाळी मामा रोपवाटिकेच्या फाटकाशी आला. टोपी डोक्यावरच, म्हणजे बसायला आला नव्हता.

"तोमासानं शेजारच्या ओल्मानला शब्द दिला," तो म्हणाला. "एप्रिलात तीस गोऱ्हे येणार. झरा तुडवून चिखल करतील. मला एकदा एप्रिलात पाणी बघायचंय, सीनिया. लहानपणी बघितलंय, आणि ते बंद मीच पाडलं. ते परत बघून मग जे व्हायचं ते होवो."

मी म्हटलं, "मावशीशी बोल की."

"मी? तिच्याशी?" दोघांचं वाकडं नव्हतं, पण मामा मावशीच्या अंगणात चार वर्षांत गेला नव्हता. चर्चमध्ये भेटत, मान हलवत, आपापल्या घरी जात. "बोलून काय होणार? तिला दाखवायला हवं. मला एवढंच सांग, ओढ्याकडे पाखरं येतात, शिटतात, झाडं उगवतात. माझ्या कुंपणावर का येत नाहीत? चारशे बारा झाडं आहेत तिथे उभी! बसायला जागा नाही म्हणावं तर तसंही नाही."

हा प्रश्न मला चावला. सतरा वर्षांत मी पाखरं कुठे येतात ते बघितलं होतं, कुठे येत नाहीत ते कधीच नाही.

मी दहा मच्छरदाण्या ओढ्याकडे ताणल्या आणि दहा कुंपणाखाली. रोज पहाटे मामा माझ्या आधी तिथे हजर असायचा, आणि रोज एक नवीन कारण घेऊन यायचा. पहिल्या आठवड्यात वाऱ्याचा दोष होता. दुसऱ्या आठवड्यात ओल्मानच्या मांजराचा. मग एके दिवशी म्हणाला, "तारांचा. गंजलेल्या तारेचा वास येतो त्यांना."

"मामा, पाखरांना वास फारसा येत नाही."

"तुला काय माहीत? विचारलंस का त्यांना?"

तीन आठवड्यांनी अंड्यांचे ट्रे भरले. ओढ्याकडचे. जंगली अंजिराच्या खसखशीसारख्या बिया, कापुलीनच्या फळातल्या त्याहून बारीक, काटेरी बाभळीच्या, ज्यांच्या शेंगेतला पिवळा गर पाखरं मुंग्यांशी भांडून खातात. दोन बिया अशा, की मला ओळखूच येईनात. त्या मी वेगळ्या ठेवल्या आणि रात्री जेवतानाही त्यांच्याकडे बघत राहिले. कुंपणाखालच्या जाळ्यांत काय मिळालं? वाळकी पानं, मुंग्या, पालीचं एक शेपूट, आणि पारव्यांच्या थोड्या शिटा. पारवा बी दळून खातो, त्याच्या पोटातून काही जिवंत बाहेर येत नाही. पोपटांचंही तेच. लोकांना वाटतं फळ खाणारं प्रत्येक पाखरू जंगल पेरतं. तसं असतं तर मला कुणी पगार दिला नसता.

पण खरी गंमत ओढ्याकडच्या ट्रेमध्येच होती. त्यात चाळीसेक बिया हिन्योक्वाबेच्या होत्या. टणक, फिकट, तीन कोनांच्या. मी त्या मामाच्या तळहातावर ठेवल्या.

"हं," मामा म्हणाला. "माझ्याच कुंपणाच्या. म्हणजे येतात पाखरं. खातात इथे आणि शिटतात तिथे. कृतघ्न."

मी वर बघितलं. मार्च होता, झाडं बोडकी, फांद्या स्वच्छ दिसत होत्या. ओळीनं चारशे बारा झाडं आणि एकावरही फळ नाही. हिन्योक्वाबेची फळं याच दिवसांत पिकतात. हिरवट साल उकलते आणि आत लाल गरात गुंडाळलेली एक बी असते. ही झाडं वीस वर्षांची होती. रोज त्यांच्याखालून मी जात होते आणि मला एकदाही वाटलं नाही, की अगं, यांना फळ का नाही? जे रोज दिसतं ते कुणी बघत नाही, हेच खरं.

"मामा, या झाडांना फळ कधी लागलं?"

मामानं छाती पुढे काढली. "कधीच नाही. स्वच्छ झाड आहे. मी निवडून घेतो."

कुठून निवडून घेतोस, हा पुढचा प्रश्न मी तेव्हाच विचारायला हवा होता, पण माझं डोकं त्या बियांत अडकलं होतं. ओढ्याकडे फळणारं हिन्योक्वाबे नाही, कुंपणावर नाही, मग या बिया आल्या कुठून? कुणीतरी कुठेतरी खात होतं.

मी डुक्करपाखराच्या मागे लागले. पांढरं शुभ्र पाखरू, तोंड लाल, आणि आवाज थेट डुकराच्या गुरगुरण्यासारखा. एक जोडी रोज सात वाजता पश्चिमेकडून ओढ्यावर यायची, शिटायची आणि परत जायची. पाखराच्या मागे धावता येत नाही. पहिल्या दिवशी जिथे ती दिसेनाशी झाली तिथे मी दगड ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या दगडाशी जाऊन थांबले, तिथून ती पुढे कुठे जाते ते बघितलं आणि तिथे दुसरा दगड ठेवला. असे चार दिवस, चार दगड. मध्ये एकदा ओल्मानच्या बायकोनं विचारलं, "सीनिया, घराचा पाया घालतेस का?" पाचव्या दिवशी मी ज्या दगडाजवळ उभी होते तिथून तोमासा मावशीचं कौलारू घर दिसत होतं. डुक्करपाखरू त्या घरामागे उतरलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मावशीच्या परसात, धुण्याच्या दगडी टाकीशेजारी, हिन्योक्वाबेचं एक म्हातारं झाड उभं होतं आणि ते फळांनी लगडलेलं होतं. फांद्याफांद्यांवर पाखरं. लांब शेपटीच्या निळ्या उर्राका आरडाओरडा करत होत्या, पिवळ्या छातीचे माशीमार एकेक बी उचलून पळत होते, आणि खाली मावशी चादर पिळत होती, तोंडानं त्यांना शिव्या देत.

"आलीस? घेऊन जा तुझ्या या पाहुण्यांना! चादर वाळत घातली की रांगोळी काढतात."

"मावशी, हे झाड कुणी लावलं?"

"मी. का?"

"काठी कुठली?"

मावशीनं चादर टाकीच्या काठावर ठेवली. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, पण तिचे डोळे कुठलाही प्रश्न नीट जोखून घेतात.

"ओढ्याजवळ हिन्योक्वाबेचं एक झाड होतं, जंगल तोडायच्या आधी. पाखरांनी गजबजलेलं. मला ते फार आवडायचं. तुझा मामा तेव्हा नवाच कुंपणं घालायला शिकला होता. मी म्हटलं, दिनो, या झाडाच्या काठ्या घे. तर हा हसला. गड्यांसमोर हसला. म्हणाला, फळलेल्या झाडाची काठी दमलेली असते, जोर सगळा फळात गेलेला असतो. बायकांना कुंपणातलं काय कळतं? आणि चर्चमागच्या त्या झाडाच्या काठ्या घेत सुटला. म्हणे किती सरळ, किती स्वच्छ. खाली एक फळ पडत नाही." ती पाण्यात हात बुचकळून म्हणाली, "मग ओढ्यावरचं झाड पाडायच्या आदल्या दिवशी मी एक काठी घरी आणली. दमलेली तर दमलेली. तिला कुठे शर्यत जिंकायची होती?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि त्याबरोबर थोडी शरमही वाटली. पपईत नर आणि मादी असते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नर पपई फुलते आणि फळत नाही, लोक तिला उपटून टाकतात. हिन्योक्वाबेतही तसंच असतं, हे मला रोपवाटिकेत कधीतरी सांगितलं होतं. पण कुंपणाच्या खुंटाला कोण विचारतो तू बाई की बुवा? त्यातून काठीचं झाड म्हणजे नवीन झाड नव्हेच. ज्याची काठी, तेच ते झाड, दुसऱ्या जागी उभं राहिलेलं.

मावशीच्या घरून निघाले ती सरळ घरी गेले नाही. गावातली सगळी कुंपणं फिरले. शाळेचं, ओल्मानचं, दफनभूमीचं, नदीकाठच्या चिंचोळ्या वावरांची. दोन दिवस मान वर करून चालले. एकावरही फळ नाही. सगळी मामाच्या हातची, आणि मामाच्या शिष्यांच्या हातची, ज्यांना मामानं हेच शिकवलं होतं: स्वच्छ झाडाची काठी घ्या. मामा चांगलं कुंपण घालत होता, म्हणून तर एवढं नुकसान झालं. वाईट घालत असता तर लोकांनी इतरांनाही बोलावलं असतं आणि एखादी मादी चुकून आली असती.

आता हे मामाला सांगायचं कुणी? मीच. दुसरं कोण होतं?

तो कुंपणाशीच बसला होता, सुक्या भोपळ्याच्या वाटीतली कॉफी पीत. मी आडवळणं घेतली, पपईचं सांगितलं, तिची नर रोपं लोक कशी उपटून टाकतात ते सांगितलं. मामा म्हातारा आहे, मूर्ख नाही. त्यानं वाटी खाली ठेवली.

"माझं कुंपण वांझोटं म्हणतेस?"

"वांझोटं नाही. नर आहे."

"चारशे बारा नर?"

"एकच नर, मामा. चारशे बारा वेळा."

मामाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो उठला, जवळच्या खुंटाला जोरात थापटलं, मग दुसऱ्याला. "हे बघ! वीस वर्षं उभा आहे! वादळात हलला नाही! आणि तू शिटेतलं काहीतरी चिवडून येतेस आणि मला सांगतेस..." त्यानं तिसऱ्या खुंटाला थापटलं. मग म्हणाला, "सिद्ध कर."

सिद्ध करणं सोपं होतं. मी मावशीकडे गेले आणि फळांनी भरलेल्या सहा फांद्या मागितल्या. कशाला ते सांगितलं. मावशी स्वतः शिडी धरून उभी राहिली. त्या फांद्या मी मामाच्या सहा खुंटांवर सुतळीनं बांधल्या, एकमेकांपासून दूर, खाली जाळ्या ताणल्या, आणि आम्ही दोघं गवतात बसलो.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. मामा दिवसभर गुणगुणत होता. मला त्याचा गळा दाबावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक उर्राका आली, सगळ्या गावाला कळेल असं ओरडली, आणि दहा मिनिटांत पाच झाल्या. मग पिवळछाती माशीमार. मामाचं गुणगुणणं थांबलं. तो माझ्या बाहीला धरून बसला होता, इतकं घट्ट की नंतर वळ उठले. नऊच्या सुमाराला डुक्करपाखरांची जोडी आली. नरानं एक बी गिळली, दुसरी गिळली, मग शेजारच्या बोडक्या खुंटावर जाऊन बसला, अंग फुगवलं, आणि जाळीवर टप्.

मी उठायच्या आत मामा उठला होता. कुरकुरणाऱ्या गुडघ्यांचा माणूस, पण गवतातून असा पळाला! गाळणी माझ्या हातातून घेतली आणि बोटांनी स्वतः धुवायला लागला.

"ही कसली?"

"अंजीर."

"आणि ही?"

"कापुलीन."

"आणि ही? ही मोठी?"

मी बघितली. काळी, गुळगुळीत. माझ्या त्या दोन न ओळखलेल्या बियांसारखीच. "माहीत नाही," मी म्हटलं.

"तुलाही माहीत नाही?" मामाचा चेहरा उजळला. "म्हणजे कुठून तरी लांबून आणलीय. पोटात घालून. इथे तिचं काय काम होतं? हिन्योक्वाबे खायला आला आणि ही टाकून गेला." त्यानं ती बी उन्हात धरली. "पेर ती. काय उगवतं बघू."

बराच वेळ तो ती बी फिरवत बसला. पाखरं फांद्यांवर भांडत होती. मग त्याची नजर कुंपणाच्या ओळीवरून गेली, टेकडीवरून खाली, ओल्मानच्या शेताकडे, शाळेकडे, जिथपर्यंत त्याचीच कुंपणं दिसत होती तिथपर्यंत.

"अख्खं गाव," तो म्हणाला. "पन्नास वर्षं मी अख्ख्या गावातून यांना उपाशी हाकललं. आणि वर लोकांकडून शाबासकी घेतली."

त्याच्या डोळ्यात पाणी आलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही, कारण माझ्याही आलं होतं. खोटं कशाला सांगू, मला त्याची फार माया वाटली तेव्हा. चुकलेल्या माणसाची वाटत नाही एवढी माया मला चूक कळलेल्या माणसाची वाटते.

उतरता चंद्र संपायला चार दिवस उरले होते. एकदा अमावास्या गेली की आमच्याकडे कुणी काठी कापत नाही, पुढच्या महिन्यापर्यंत थांबतात. आणि ओल्मानचे गोऱ्हे सोमवारी येणार होते. मादीच्या काठ्या गावात एकाच झाडावर. मी म्हटलं, "मी मागते मावशीकडे." मामा म्हणाला, "नाही." तो घरी गेला, दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला आणि कोयता घेऊन निघाला. मी मागून गेले. या दोघांना एकटं सोडणं बरं नव्हतं.

मावशी टाकीवर धूत होती. मामा परसाच्या दाराशी उभा राहिला, टोपी हातात.

"ताई, कॉफी आहे का?"

"चार वर्षांत कॉफीसाठी आला नाहीस. आज कोयता घेऊन आलास."

"काठ्या हव्यात."

"कशाच्या?"

मामानं हनुवटीनं वर दाखवलं. "याच्या."

"अरे बापरे. दमलेल्या झाडाच्या?"

मला वाटलं आता हा फिरतो माघारी. मामा हलला नाही. टोपीची कड बोटांत फिरवत म्हणाला, "तू तेव्हा सांगितलंस ते बरोबर होतं. मी हसलो. गड्यांसमोर हसलो. मी चुकलो, ताई."

मावशीनं हातातला कपडा दोनदा आपटला, पिळला, झटकला. दोरीवर घातला. चिमटे लावले. वर पाखरांचा गलका चालूच होता.

"त्रेपन्न वर्षं लागली तुला," ती म्हणाली.

"लागली."

"सीनिया, या काठ्या फळायला किती वर्षं?"

"तीन. फार नशीब असेल तर दोन. आणि त्यानंतर जंगल यायला..."

"त्यानंतरचं नको सांगूस, तेव्हा मी नसेन." ती मामाकडे वळली. "तीन वर्षांनी तू किती वर्षांचा?"

"चौऱ्याहत्तर. आज तू आहेस तेवढा."

"बरं. ओल्मानला मी आज निरोप धाडते. तीन वर्षं गोऱ्हे नाहीत. फळ धरलं, पाखरं बसली, तर पुढचं पुढे. पण तीन वर्षं तू मरायचं नाहीस. मला त्या काठ्यांना पाणी घालत फिरायला जमणार नाही. मेलास तर दुसऱ्या दिवशी गोऱ्हे आत सोडीन. नऊ दिवसांच्या प्रार्थनांचीही वाट बघणार नाही."

"नाही मरत," मामा म्हणाला. अगदी गंभीरपणे, जणू हे त्याच्या हातात होतं.

"किती कापणार?"

"बारा."

"बारा? चारशे बारा खुंटांच्या ओळीत?"

"बाराच. झऱ्याजवळच्या बारा जागांवर लावतो, तिथले जुने काढून. बाकीचे राहू देत, नरही लागतातच म्हणे." त्यानं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. "सगळं झाड बोडकं केलं तर पुढच्या साली यांनी खायचं काय?"

मावशीनं आत जाऊन कॉफी आणली आणि मक्याच्या कडक रोस्किया. मामानं उभ्यानंच खाल्लं. मग शिडी लावली आणि चढला. या माणसानं आयुष्यात हजारो फांद्या तोडल्या आहेत, झाडाकडे एक नजर टाकून, कुणाला न विचारता. त्या दिवशी तो शिडीच्या वरच्या पायरीवर कोयता घेऊन उभा राहिला आणि त्याचा हात काही चालेना. एका फांदीवर हात ठेवला, काढला. दुसरीवर ठेवला.

"ताई," त्यानं खाली वाकून विचारलं, "कुठली कापू? ही?"

मावशीनं डोळ्यांवर हाताचा आडोसा केला आणि बराच वेळ वर बघितलं.

"ती नको," ती म्हणाली. "तिच्यावर जेवणं चाललीयेत."